कवडीपाटची रविवारची पक्षीफेरी : आधी पाखरं, मग पोती

नोव्हेंबर ते मार्च, पुण्याजवळच्या कवडीपाटला एक रविवार आड पक्षीफेरी असते आणि फेरी संपली की त्याच नदीकाठाची सफाई. हडपसर-मांजरीकडचे काही पक्षीमित्र मिळून हे चालवतात. फी नाही, अर्ज नाही. व्हॉट्सॲपवर नाव कळवायचं आणि सकाळी साडेसहाला बंधाऱ्यावर हजर व्हायचं. पैसे भरून केलेल्या पक्षीसहलींचाही अनुभव माझ्या गाठीशी आहे. त्यांच्याशी ताडून सांगतो, सगळ्यांत जास्त मी इथेच शिकलो, आणि त्यातलं निम्मं सफाईच्या वेळी.

नोकरी एसटीत वाहक म्हणून झाली, त्यामुळे कुठलीही सहल मी आधी वेळेवर जोखतो. इथे साडेसहा म्हणजे साडेसहा. उशिरा येणाऱ्यांसाठी कुणी थांबत नाही, आणि ते बरोबरच आहे. ऊन चढलं की बरीचशी बदकं चोच पाठीत खुपसून झोपतात, मग पाहायला उरतं काय?

सोलापूर रस्त्याने मांजरी मागे टाकून टोलनाक्याजवळ डावीकडे वळलं की कवडी. मुळा-मुठेवर जुना दगडी बंधारा आहे. वरच्या अंगाला पाणी संथ, खालच्या अंगाला खडक, उथळ धारा आणि चिखल. म्हणून एकाच जागी उभं राहून पोहणारे, चालणारे आणि सूर मारणारे असे तिन्ही तऱ्हांचे पक्षी दिसतात. वर चक्रवाक आणि थापटे ही बदकं, खाली शेकाटे, तुतवार, धोबी, दोन्हीकडे घिरट्या घालणारे नदीसुरय. भगव्या रंगाची ती चक्रवाकाची जोडी लडाख, तिबेट, मध्य आशिया अशा कुठून कुठून इथे हिवाळा काढायला येते, हे मी कितीही वेळा ऐकलं तरी दरवेळी नव्याने भरून येतं.

फेरी चालवणाऱ्या ताई शाळेत शिकवतात, आणि ते त्यांच्या पद्धतीत दिसतं. पक्षी दिसला की नाव सांगून पुढे जाणं त्यांना मंजूर नाही. "नाव नंतर. आधी तो काय करतोय ते सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जानेवारीत थापट्यांचा एक घोळका पाण्यावर गोल गोल फिरत होता, एकाच्या शेपटीमागे दुसरा, चोची पाण्याला टेकवलेल्या. आमच्यातल्या एका मुलाने विचारलं, हे खेळतायत का? ताईंनी उत्तर न देता दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, फक्त चोच बघ. बराच वेळ बघून तो म्हणाला, "तोंडाच्या कडेनं पाणी बाहेर येतंय." मग त्यांनी उलगडून सांगितलं. थापट्याची चोच टोकाला पसरट असते आणि तिच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दात असतात. सगळे मिळून गोल फिरले की खालचं खाणं ढवळून वर येतं, पुढच्याने ढवळलेलं मागच्याला मिळतं, पाणी गाळून बाहेर आणि किडे-शेवाळ आत. त्या मुलाला थापट्या आता जन्मात विसरायचा नाही.

दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते ती म्हणजे ही मंडळी नदीबद्दल खोटं बोलत नाहीत. बंधाऱ्याखाली साबणासारखा फेस असतो, वास असतो, आणि तरीही शेकाट्यांची गर्दी असते. नवख्या माणसाला वाटतं, एवढे पक्षी म्हणजे पाणी चांगलं असणार. ताई पहिल्याच फेरीत हा गैरसमज काढतात: सांडपाण्याच्या गाळात अळ्या पोसतात, त्या अळ्यांवर शेकाटे पोसतात. शेकाटे वाढले तर आनंद मानण्याआधी पाण्याकडे बघा. आपल्या सफाईने पाणी शुद्ध होत नाही, शहराचं सांडपाणी प्रक्रिया होऊनच नदीत आलं पाहिजे, हेही त्या स्पष्ट सांगतात. मग पोती भरायची कशाला? कारण ही नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते, भिगवणला, जिथे आपण रोहित (फ्लेमिंगो) बघायला गाड्या करून जातो. कवडीला उचललेली पिशवी तिथवर पोचत नाही.

आता सफाई. हातमोजे आणि पोती गटाकडून मिळतात. सुरुवातीला ताई काठाने चालत जाऊन कशाला हात लावायचा नाही ते दाखवतात. पाणकणीस आणि लव्हाळं तसंच ठेवायचं, त्यात पाणकोंबड्या लपतात. पाण्यात पडलेली वाळकी फांदी ओढायची नाही, ती खंड्याची आणि पाणकावळ्याची बसायची जागा. चिखलाच्या पट्ट्यावर पाय द्यायचा नाही, तुतवारांचं ताट तेच. एका तळ्यावरची सफाई मी पाहिली आहे, तिथे उत्साहाच्या भरात गवतासकट सगळा काठ खरवडून काढला होता. फोटो छान आले, पण पाणकोंबड्यांना आडोसा राहिला नाही. कवडीला असं होत नाही, आणि माझ्या मते या गटाचं सगळ्यांत मोठं श्रेय हेच.

पोत्यात काय येतं? थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या, चपला, गोळ्यांची रिकामी पाकिटं, बंधाऱ्याच्या दगडांत अडकलेले कपडे, निर्माल्य, देवांच्या तसबिरी. तसबिरी वेगळ्या काढून ठेवतात, कुणाचं मन दुखावत नाहीत. टेम्पो आधीच ठरलेला असतो, त्यामुळे भरलेली पोती काठावर पडून राहत नाहीत. नाहीतर रात्रीतून कुत्री ती फाडतात आणि सगळं पुन्हा पाण्यात.

संक्रांतीनंतरची फेरी मुख्यतः मांजासाठी असते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी बाभळींवर तो लोंबतच असतो. लांब बांबूला आकडा लावून ओढायचा, काठीला गुंडाळायचा आणि कात्रीने बोटभर तुकडे करूनच पोत्यात टाकायचा, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या पायात अडकत नाही. यंदा एक ढोकरी पंखात दोरा रुतलेली सापडली. जखमेतला दोरा कुणी ओढला नाही. दोन्ही बाजूंनी कापला, पक्ष्यावर टॉवेल टाकला कारण अंधारात तो शांत राहतो, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवला आणि पशुवैद्याकडे नेला. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन तेव्हाच सगळ्यांना मोबाइलमध्ये नोंदवायला लावली.

शेवटी दिसलेल्या पक्ष्यांची यादी वाचतात आणि जागेवरच ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर भरतात. मराठी नावं तिथे मिळतात, इंग्रजीवाचून अडत नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे. त्या वेळी मोजणीत नवख्यांनाही घेतात. माणसं मोजण्यात माझा जन्म गेला, पण उडता थवा दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी कसा मोजायचा हे मला तिथे शिकवलं.

तक्रारी आहेत, आणि त्या मी गटालाही सांगितल्यात. लोक जास्त आले की दोन तुकड्या करायला हव्यात, मागच्यांना काही ऐकू येत नाही. मोठ्या लेन्सवाले काहीजण फोटोसाठी थेट चिखलात उतरतात आणि सगळा थवा उठवतात. त्यांना गोड बोलून समजावतात, पण इथे कडक व्हायलाच हवं. काठावर स्वच्छतागृह नाही, ही गोष्ट निरोपात आधी लिहा, बायकांची फार अडचण होते. आणि निरोप शनिवारी रात्री येतो. रविवारी कामावर जाणाऱ्यांना बदली बघायला वेळ लागतो, तो गुरुवारी आला पाहिजे.

मार्चअखेर फेऱ्या थांबतात. टिटवी आणि नदीसुरय उघड्या जमिनीवर, गोट्यांमध्ये अंडी घालतात. माणसं फिरली की पक्षी उठतो आणि अंडी उन्हात भाजतात. लोक मागतात म्हणून एप्रिलमध्येही फेरी ठेवणं सोपं होतं. ते केलं नाही याबद्दल माझा गटाला नमस्कार.

पाचपैकी साडेचार. जाताना भडक कपडे टाळा, चिखलात चालतील असे जाड तळाचे बूट घाला, कारण कचऱ्यात इंजेक्शनच्या सुया निघतात. पाण्याची बाटली घरून न्या. लहान मुलांना फेरीला जरूर न्या, पण सफाईत काठाच्या वरच्या बाजूलाच ठेवा. गटाकडे दुर्बिणी मोजक्याच आहेत आणि मुलं रांगेत ताटकळतात. घरात कुणाची जुनी आठ बाय चाळीसची दुर्बीण कपाटात पडून असेल, तर येताना घेऊन या.