मांडव्याला गाडी घेऊन की गाडीशिवाय? रो-रो, कॅटमरान आणि अटल सेतू यांतून निवडताना

मुंबईहून अलिबागला जायचं ठरलं की घरोघरी एकच वाद होतो. एकजण म्हणतो रो-रोने, म्हणजे गाडीसकट नेणाऱ्या बोटीने जाऊ, दुसरा म्हणतो गेटवेवरून बोट धरू, आणि गाडी चालवणारा म्हणतो, आता अटल सेतू झालाय, कशाला कोणाच्या वेळापत्रकावर अवलंबून राहायचं? तिघांचंही म्हणणं बरोबर असू शकतं. समुद्रात किती वेळ जातो यावर हा निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मांडव्याला, म्हणजे अलिबागजवळच्या बंदरावर उतरल्यावर तुम्हाला गाडी लागणार आहे की नाही, हे आधी ठरवा.

आकडे सगळ्यांना पाठ असतात: रस्त्याने साधारण 110 किलोमीटर, पाण्यातून 18 च्या आसपास. रस्त्याला तीन-चार तास, रो-रोला एक तास. जाहिरातीला हे पुरेसं आहे, पण घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा हिशेब वेगळा निघतो. रो-रोसाठी मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावर बोट सुटण्याच्या बऱ्यापैकी आधी पोहोचावं लागतं. गाड्या रांगेत लागतात, तिकीट तपासलं जातं, मग एकेक गाडी रॅम्पवरून आत जाते. पलीकडेही शेवटी चढलेल्या गाडीला उतरायला वेळ लागतो. अंधेरी-बोरिवलीहून निघणाऱ्याने धक्क्यापर्यंतचा शहरातला प्रवासही यात धरावा. एवढं धरून समुद्रातला एक तास सहज अडीच तासांचा होतो. शनिवारी सकाळी अलिबागच्या रस्त्यावर वडखळच्या पुढे गाडी अडकली तर तोही सुखाचा वाटतो. मंगळवारी दुपारी रस्ता मोकळा असेल, तर रो-रोने वेळ वाचलाच असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

रो-रो: गाडीसकट समुद्र

रो-रो म्हणजे गाडी स्वतःच्या चाकांवर बोटीत चढते आणि चाकांवरच उतरते. क्रेन नाही, हमाल नाही. ऐकायला साधं वाटतं, पण कोकणच्या किनाऱ्याला हे मिळायला फार वर्षं गेली. जुन्या कोकण बोटींच्या काळात मोठी बोट बंदरापासून दूर उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या सगळं पडावात, म्हणजे लहान होडीत उतरवून किनाऱ्याला आणावं लागायचं. समुद्र जरा खवळलेला असला की पडावात उतरणं म्हणजे जिवावरचं काम. म्हणूनच या सेवेत बोटीइतकाच महत्त्वाचा आहे तो धक्का: भरती-ओहोटीतही रॅम्प नीट टेकेल असं टर्मिनल, पुरेसं खोल पाणी आणि मांडव्याचा लाटा अडवणारा बंधारा. गाळ साचतो, तो काढत राहावा लागतो. हे काम थकलं की सगळी सेवा अडखळते.

मांडव्याची रो-रो बोट एम2एम-1 ग्रीसमध्ये 2019 साली बांधली गेली. सेवा सुरू झाली 15 मार्च 2020 रोजी, आणि काही दिवसांतच टाळेबंदी आली. मग ऑगस्ट 2020 मध्ये, गणपतीच्या तोंडावर, ती पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी गावी जाणाऱ्यांसाठी ती केवढा आधार होती, हे ज्यांनी अनुभवलं त्यांना सांगायला नको. सुरुवातीला जाहीर झालेली क्षमता 200 गाड्या आणि 1000 प्रवासी अशी होती, वेग 14 नॉट, म्हणजे ताशी साधारण 26 किलोमीटर.

गाडी चढवतानाचा भाग नवख्या चालकाला घाबरवतो. धक्क्यावर मासळीचा वास, बर्फाच्या गाड्या, हातगाड्या, आणि त्यातून वाट काढत तुम्ही रांगेत. रॅम्पवर चाक आलं की लोखंडाचा खणखणाट होतो, समोर खलाशी हाताने इशारे करत असतो: थोडं डावीकडे, अजून पुढे, बस. त्याच्या हाताकडे बघायचं, आरशात फार डोकावायचं नाही. शेजारच्या गाडीत आणि तुमच्या गाडीत दार जेमतेम उघडेल एवढीच जागा उरते. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, वर लागणारं सामान आधीच हातात घ्या, कारण प्रवासात गाडीत बसू देत नाहीत. लहान मूल किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर शक्य तिथे त्यांना गाडी आत घेण्याआधीच उतरवा. वर जायला जिना चढावा लागतो, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

खर्चाचं गणित सरळ आहे. गाडीचं तिकीट तिच्या आकारावर, माणसांचं वेगळं. एकटा माणूस मोठी गाडी घेऊन निघाला तर सगळ्यात महाग प्रवास हाच. चौघांचं कुटुंब, सामान, पुढे दोन-तीन दिवस फिरणं असेल तर तो खर्च सोसतो, कारण पलीकडे रिक्षा आणि टॅक्सीवर उडणारे पैसे वाचतात. पाळीव कुत्रा घेऊन जाणाऱ्यांना तर याच्याइतकी सोय दुसरीकडे नाही.

आणि दुचाकीवाल्यांनी हे नीट वाचावं: अटल सेतूवर मोटरसायकलला बंदी आहे. म्हणजे तुमच्यासाठी रस्ता अजूनही वाशी-पनवेलवरूनच. दक्षिण किंवा मध्य मुंबईत राहणाऱ्या बाइकवाल्याने अलिबागसाठी रो-रो सोडून दुसरा विचार करू नये.

गेटवेची बोट: हात हलवत जाणाऱ्यांसाठी

पाठीवर एक बॅग, दोन दिवसांचा मुक्काम, हॉटेल अलिबागमध्ये किंवा किहीम-आवासला. मग गाडी कशाला? गेटवेवरून कॅटमरान (जोड-सांगाड्याची वेगवान बोट) किंवा लाँच धरा, पाऊण-एक तासात मांडवा. काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. हे अंतर वीसेक किलोमीटर. चर्चगेट किंवा सीएसएमटीला लोकलने उतरलात तर सगळा प्रवास गाडीशिवाय होतो, पार्किंगची कटकट नाही. एकट्या-दुकट्याला पैशाच्या बाबतीत हा पर्याय बाकी दोघांना मागे टाकतो, आणि सीगल पक्ष्यांचा थवा बोटीमागे लागतो तो आनंद वेगळाच.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, परतीच्या रविवारी मांडव्याला उसळणारी गर्दी. दोन, पावसाळा. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवेच्या बोटी बंद असतात आणि त्या बंद असाव्यात असंच मला वाटतं. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडच्या कितीतरी घरांत ती आठवण अजून आहे. डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीचा अपघात झाला, तेव्हा तर समुद्र शांत होता. त्यामुळे लाइफ जॅकेट दिलं की घालायचं, फोटो चांगला येत नाही म्हणून काढायचं नाही.

रो-रो मोठी आणि जड असल्याने पावसाळ्यातही चालवली जाते, पण हवामान बिघडलं की फेऱ्या रद्द होतात. जुलैमध्ये लग्न किंवा दवाखान्यासारखं चुकवता न येणारं काम असेल तर समुद्रावर विसंबू नका.

रस्ता: कंटाळवाणा, पण तुमच्या हातात

अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, 21.8 किलोमीटर लांब. शिवडीहून चढून चिरल्याला उतरायचं आणि पेणकडे वळायचं. टोल जाताना 250 रुपये. सायन-पनवेलचा सगळा गुंता वाचतो. पण सेतू तुम्हाला वडखळपर्यंत लवकर पोहोचवतो, त्यापुढे नाही. वडखळ ते अलिबाग हा पट्टा जुनाच: पोयनाड, कार्लेखिंड, मधे बैलगाडी आली तर तिच्या मागून. रस्त्याचा मोठा गुण हा की रात्री अकराला निघावंसं वाटलं तरी निघता येतं, आणि पाच माणसांना मिळून खर्च सगळ्यात कमी पडतो. ठाणे, कल्याण, नवी मुंबईकरांनी तर उलट फिरून भाऊच्या धक्क्याला जाण्यात काही अर्थ नाही. सरळ रस्ताच धरावा.

गाडी पलीकडे नेण्याचा खरा फायदा

फक्त अलिबागचा किल्ला आणि समुद्रकिनारा बघायचा असेल तर गाडी बोटीत घालण्याची गरज नाही. बोट आणि बस पुरे. रो-रोची किंमत वसूल होते ती अलिबाग ओलांडल्यावर. रेवदंड्याचा पूल, काशीद, मुरूड. तिथून आगरदांड्याला जा आणि फेरीबोटीने दिघीला उतरा. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेसवीला पुन्हा फेरी, मग केळशी, आंजर्ले, दापोली. दाभोळहून धोपाव्याला तिसरी, पुढे गुहागर. तवसाळहून जयगडला चौथी, आणि गणपतीपुळे.

यातली दाभोळ-धोपावे ही सेवा 2003 पासून चालू आहे. दापोलीचे माजी आमदार डॉ. चंद्रकांत मोकल यांनी ती उभी केली. तिच्याआधी दापोलीहून गुहागरला गाडीने जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा घ्यावा लागे. वाशिष्ठीच्या खाडीपलीकडचं गाव डोळ्यांना दिसतंय आणि जायला अर्धा दिवस, अशी स्थिती होती. या खाडीतल्या फेऱ्या एम2एमपेक्षा खूप लहान आहेत. वातानुकूलित डेक नाही, आसनांचे वर्ग नाहीत. गाडी उभी करून बाजूला कठड्याला टेकायचं, काही मिनिटांत पलीकडचा किनारा. एसटीची बस, आंब्याचा टेम्पो, शाळेतली मुलं आणि तुमची गाडी एकाच पत्र्यावर. मला स्वतःला मांडव्याच्या बोटीपेक्षा या लहान फेऱ्या जास्त आवडतात, कारण त्या पर्यटकांपेक्षा गावासाठी चालतात.

तेव्हा तीन-चार दिवस हातात असतील आणि श्रीवर्धन किंवा त्याहून खाली जायचं असेल, तर डोळे मिटून रो-रोचं बुकिंग करा. सकाळची पहिली फेरी घ्या, म्हणजे दिघीची फेरी उजेडी मिळते. परतीला मात्र मांडव्याला येण्याचा हट्ट नको. गुहागर किंवा गणपतीपुळ्याहून महामार्गाने या आणि रविवार संध्याकाळचं मांडवा टाळा. चोंढीच्या नाक्यावर गाडी अडकली आणि बोट सुटली, तर पुढच्या फेरीत जागा मिळेलच असं नाही.