नाताळची फॅमिली फोटो कार्डं : पावसाळा काढल्यावर कोणती टिकली

घडीचं कार्ड घेऊ नका. यंदा कार्डं छापायची म्हणून साइटी चाळत बसला असाल तर हे आधीच सांगून टाकते, कारण स्क्रीनवर सगळ्यात देखणं तेच दिसतं आणि सगळ्यात आधी खराबही तेच होतं.

गेल्या नाताळात आम्ही मुद्दाम वेगवेगळी कार्डं केली. नातेवाईक मिरज, जालना, अहिल्यानगर असे पसरलेले, शिवाय चर्चमधली घरं आणि सोसायटीतले शेजारी. सगळ्यांना एकच प्रकार चालणार नव्हता. घडीची कार्डं ऑनलाइन मागवली, सपाट कार्डं पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डिजिटल प्रेसमधून काढली, आणि थोड्या चक्क फोटो लॅबच्या प्रिंट्स, खाली पांढरी पट्टी सोडून त्यात शुभेच्छा. फोटो सगळीकडे तोच, म्हणजे तुलना सरळ. आता पावसाळा सरत आलाय आणि कोणाच्याही घरी गेलं की माझी नजर आधी फ्रिजच्या दाराकडे जाते.

आत्याकडे गेलेलं घडीचं कार्ड परवा हातात घेऊन पाहिलं. घडीवर वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ, आणि रेघेच्या दोन्ही अंगांना लाल रंगाचे बारीक खवले, नखाने निघतील असे. टोनरवाल्या (म्हणजे शाईऐवजी रंगाची पूड वापरणाऱ्या) डिजिटल छपाईत रंग कागदात मुरत नाही, वर थर होऊन बसतो. कागद दुमडला की तो तडकतो. गडद लाल किंवा हिरवी पार्श्वभूमी असेल तर तडा ठसठशीत दिसतो, आणि नाताळच्या कार्डाला तेच दोन रंग! दुमडण्याआधी मशीनवर क्रीझिंग केलं, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडली, आणि घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, दिशेने घेतली तर हे बरंच टळतं. प्रेसमध्ये उभं राहून तसं सांगता येतं. ऑनलाइन ऑर्डर देताना विचारणार कोणाला?

दुसरं म्हणजे वजन. ३५० जीएसएमचं (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, म्हणजेच जाडी) ५ बाय ७ इंचाचं घडीचं कार्ड सोळा ग्रॅमच्या आसपास भरतं, वर पाकिटाचे पाचेक. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट चालतं, त्यापुढे दहा. म्हणजे एका घडीपायी टपालखर्च दुप्पट. त्याच कागदाचं सपाट कार्ड पाकिटासकट तेरा-चौदा ग्रॅममध्ये बसतं.

लॅबच्या प्रिंटमध्ये चेहरे सगळ्यात छान आले, यात वादच नाही. सावळे रंग, केसांतला काळा, पप्पांच्या पांढऱ्या शर्टाच्या चुण्या, सगळं जिवंत. पण फोटोच्या कागदाला पाठीमागूनही प्लास्टिकचा लेप असतो. त्यावर जेलपेनने लिहिलं की शाई वाळेपर्यंत हात लावायची सोय नाही. परमनंट मार्करच हवा, आणि मार्करने चार ओळी लिहिल्या की घराचा पत्ता लिहिल्यासारखं दिसतं. शिवाय आपला पावसाळा. सासूबाईंनी त्यांची प्रिंट थेट काचेच्या फ्रेममध्ये घातली होती. जुलैपर्यंत दमट हवेने फोटोचा वरचा थर काचेला धरला, आणि धाकट्याच्या गालावर तेलाचा डाग पडावा तसा एक चकचकीत ठिपका आला. ओढून काढलं तर गालच सोलून येईल, म्हणून तसंच राहू दिलंय. फ्रेम करणार असाल तर काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याचं माउंट घालून घ्या.

राहिलं सपाट कार्ड. माझं मत पूर्णपणे याच्या बाजूने, पण लॅमिनेशनचा घोळ समजून घ्या. बिनलॅमिनेशनच्या कार्डावर पेन सुरेख चालतं. मात्र आम्ही शेजाऱ्यांना फराळाच्या ताटावर कार्ड ठेवून देतो, आणि चकलीचं तेल कागद किती आनंदाने पितो ते बघायचं असेल तर आमच्या समोरच्या काकूंचं कार्ड बघा. दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन केलं तर तेल पुसता येतं, पण मग लिहायचं कुठे? मधला मार्ग म्हणजे फोटोच्या बाजूला मॅट लॅमिनेशन आणि पाठ उघडी. याचीही एक खोड आहे. उघडी बाजू दमट हवेत ओल घेते आणि फुगते, प्लास्टिकची बाजू तशीच राहते, म्हणून जूनपासून कार्ड किंचित धनुष्याकार होतं. ३०० जीएसएमची जास्त वाकली, ३५० ची कमी. फ्रिजवर दोन मॅग्नेट लावले की कळतही नाही. मला हा सौदा मान्य आहे.

ग्लॉसी लॅमिनेशनच्या वाटेला जाऊ नका. ट्यूबलाइटखाली फोटोऐवजी ट्यूबलाइटच दिसते.

फोटोबद्दल थोडं. पहिलं छापील नाताळ कार्ड लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी काढून घेतलं. चित्र जॉन कॅलकॉट हॉर्सली यांचं, प्रती हजार, किंमत एक शिलिंग. त्याच्या मधोमध टेबलाभोवती जमलेलं कुटुंबच होतं, आणि त्यातलं एक लहान मूल वाइन पिताना दिसतं म्हणून तेव्हा दारूबंदीवाल्यांनी नाकं मुरडली होती. तेव्हा आपल्या फोटोत दिवाणावर पसरलेला टॉवेल आला तर फार मनावर घेऊ नका. चेहऱ्यांचा आकार मात्र मनावर घ्या. सात-आठ माणसं नखशिखांत उभी केली तर ५ बाय ७ मध्ये चेहरे हरभऱ्याएवढे येतात. कंबरेपासून वर घ्या. स्वेटर घालून दुपारी फोटो काढायचा हट्टही सोडा, पुण्याच्या डिसेंबरात सकाळी गारठा असला तरी दुपारी घामच येतो. सकाळी आठच्या सुमाराचं गच्चीवरचं ऊन मऊ असतं आणि कोणी डोळे बारीक करत नाही.

मोबाइलचा स्क्रीन मागून उजळलेला असतो, कागद नसतो. म्हणून फोटो थोडा जास्त उजळ करून द्या. भडक लाल छपाईत जरा विटकरीकडे झुकतो, हे गृहीत धरा. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबून लहान होते. ५ बाय ७ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १५०० बाय २१०० पिक्सेल लागतात.

मराठी मजकुराची वेगळी कथा. ऑनलाइन साइटच्या तयार डिझाइनमध्ये मी ‘ख्रिस्तजन्माच्या शुभेच्छा’ टाकलं, तर प्रिव्ह्यूमध्ये ‘ख्रि’ची वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. शेवटी त्या कार्डांवर फक्त नावं ठेवली. प्रेसमधला मजकूर जुळवणारा डीटीपीवाला श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर पुन्हा टाइप करतो (सॉफ्टवेअर पुण्याचंच, त्यामुळे इथे त्याच्यावर हात बसलेले लोक भरपूर). अक्षरं देखणी येतात, पण पुन्हा टाइप म्हणजे पुन्हा तपासणं आलंच. लूक २:११ चं वचन घालणार असाल तर बायबल शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहा, आणि एक कार्ड छापून हातात घेतल्याशिवाय बाकीच्यांना हो म्हणू नका.

ऑर्डर नोव्हेंबरच्या मध्यावरच द्या. तुळशीचं लग्न झालं की पेठांतल्या प्रेस लग्नपत्रिका, कॅलेंडर आणि डायऱ्यांनी भरून जातात, आणि आपली चाळीस-पन्नास कार्डं कोपऱ्यात पडून राहतात. भाव शीटवर असतो. १२ बाय १८ च्या शीटवर ५ बाय ७ ची चार कार्डं बसतात, म्हणून संख्या चारच्या पटीत ठेवा. वरची दोन-तीन लागतातच. पाळकसाहेबांच्या घरचं कार्ड दरवर्षी आयत्या वेळी आठवतं.

पाकिटं आधी घ्या, कार्ड नंतर कापा. बाजारात लग्नपत्रिकांच्या मापाची पाकिटं ढिगाने मिळतात, ५ बाय ७ ला नीट बसणारी शोधावी लागतात. मी यंदा पाकिटाचा नमुनाच प्रेसमध्ये देणार आहे: यात सैल जाईल असं काप, ३५० जीएसएम, पुढून मॅट, पाठ कोरी.