पाठीवर नाव कोणाचे? मेट्सच्या अधिकृत शर्टाचे परीक्षण

न्यू यॉर्क मेट्स या बेसबॉल संघाच्या सिटी फील्ड मैदानात, विख्यात बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांच्या नावाने बांधलेल्या गोल दालनाला लागून, संघाचे अधिकृत दुकान आहे. तेथे मिळणाऱ्या पांढऱ्या, निळ्या उभ्या रेघांच्या शर्टाचे, त्यातही 22 हा क्रमांक आणि पाठीवर ‘सोटो’ हे नाव असलेल्या शर्टाचे हे परीक्षण आहे. असा शर्ट घेणारा माणूस कापडापेक्षा नावासाठीच अधिक पैसे मोजत असतो, त्यामुळे येथे कापडाबद्दल थोडे आणि नावाबद्दल बरेच लिहावे लागणार आहे.

शर्ट निरनिराळ्या प्रतींत मिळतो. खेळाडू मैदानात घालतात त्या प्रतीची किंमत 400 डॉलरच्या घरात जाते. मी मधली प्रत घेतली, जी सुमारे 175 डॉलरला पडते आणि बसल्या जागेवरून पाहणाऱ्याला दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. कापड हलके आहे, जुलैच्या दमट दुपारी अंगाला चिकटत नाही आणि धुतल्यावर लवकर वाळते. 2024 मध्ये गणवेशाची नवी रचना आली तेव्हा पाठीवरील नावाची अक्षरे फार लहान झाली म्हणून खुद्द खेळाडूंनीच उघड नाराजी व्यक्त केली होती, आणि पुढे अक्षरे पुन्हा मोठी करण्याचे ठरले. खरेदी करताना अक्षरांचा आकार पाहूनच शर्ट निवडावा, कारण जुन्या मालातील शर्ट आजही विक्रीला दिसतात.

आता नावाबद्दल. फलंदाज हुआन सोटो याने डिसेंबर 2024 मध्ये मेट्सशी 15 वर्षांचा, 76 कोटी 50 लाख डॉलरचा करार केला. आयपीएलमध्ये संघांच्या खर्चाला वरची मर्यादा असते. अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे मेजर लीगमध्ये, तशी सक्तीची मर्यादा नाही, ठरलेल्या रकमेपुढे गेल्यास संघाला कर भरावा लागतो, एवढेच. त्यामुळे एवढी रक्कम देणारा मालक मिळाला आणि सोटोने ती घेतली. एका हंगामापूर्वी तो ज्यांच्याकडून खेळला त्या न्यू यॉर्कच्याच दुसऱ्या संघाच्या, यांकीजच्या, चाहत्यांनी मे 2025 मध्ये, तो मेट्सकडून त्यांच्या मैदानावर उतरला तेव्हा, प्रेक्षागारात त्याच्याकडे पाठ फिरवली. पैशासाठी गेला, हा त्यांचा आरोप होता.

हा आरोप मला पटत नाही. सोटोने 2022 मध्ये आपल्या तेव्हाच्या संघाचा, वॉशिंग्टनचा, 44 कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारला, तेव्हापासून त्याचा हेतू सर्वांना दिसत होता: खुल्या बाजारात आपले मोल काय होते ते पाहायचे. त्यानंतर वॉशिंग्टनने खेळाडूंच्या अदलाबदलीत त्याला सॅन डिएगोला दिले आणि सॅन डिएगोने यांकीजला. या दोन्ही वेळी निर्णय संघांचा होता आणि त्याबद्दल कोणी निष्ठेचा प्रश्न काढला नाही. चाहत्यांना राग येतो तो खेळाडूने स्वतः निवड केली म्हणजे. करारातील प्रत्येक आकडा उघड असताना त्याला खोटा कसे म्हणावे? 2025 च्या पहिल्याच हंगामात त्याने 43 होमरन (चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापार पाठवणारे फटके) मारले आणि 38 बेस चोरले (गोलंदाज चेंडू टाकत असताना धावून पुढचा थांबा गाठला). संघ प्लेऑफला मुकला, पण तो दोष एकट्या फलंदाजाच्या माथी मारता येत नाही. शिवाय 22 हा क्रमांक आपल्यासाठी सोडणाऱ्या ब्रेट बेटी या सहकारी खेळाडूला त्याने एक मोठी मोटारगाडी भेट दिली. ती घटना गोड आहे, पण त्याच्या सच्चेपणाचा पुरावा म्हणून मी ती मानणार नाही. एवढ्या मिळकतीत मोटार देणे कठीण नसते. पुरावा पाहायचा तर तो स्ट्राइक झोनबाहेरचा, म्हणजे फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेरचा, चेंडू कसा सोडतो ते पाहावे.

त्याच मैदानाबाहेर टॉम सीव्हर यांचा पुतळा आहे आणि मैदानाचा पत्ताही त्यांच्या क्रमांकावरून ‘41 सीव्हर वे’ असा केलेला आहे. मेट्सने 1969 मध्ये अनपेक्षितपणे वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली, त्या संघाचा हा सर्वांत मोठा गोलंदाज. मात्र मानधनावरून व्यवस्थापनाशी वाद झाल्यावर 15 जून 1977 रोजी याच संघाने त्यांना सिनसिनाटीला देऊन टाकले, आणि वृत्तपत्रातील एका स्तंभात तर त्यांच्या पत्नीलाही त्या वादात ओढण्यात आले. पुतळा उभा राहिला 2022 मध्ये, सीव्हर यांच्या निधनानंतर. ज्या संघाने पैशापायी त्यांना घालवले तोच आज त्यांच्या नावाचे शर्ट विकतो, हे दुकानात उभे राहिल्यावर खटकल्याशिवाय राहत नाही.

पीट अलोन्सो याच्याबाबतही चाहत्यांचे मन असेच दुखावले. याच संघात वाढलेला, ऑगस्ट 2025 मध्ये मेट्सच्या सर्वाधिक होमरनचा विक्रम आपल्या नावावर करणारा हा खेळाडू त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पाच वर्षांच्या करारावर बाल्टिमोरला गेला. त्याच्या 20 क्रमांकाचे शर्ट घेतलेल्यांची हळहळ मी समजू शकतो. दुसरीकडे मेट्सचा जुना खेळाडू बॉबी बोनिया केव्हाच निवृत्त झाला असला तरी, जुन्या कराराची रक्कम व्याजासह लांबणीवर टाकल्यामुळे, 2035 पर्यंत दर 1 जुलैला त्याला मेट्सकडून सुमारे 11 लाख 93 हजार डॉलर मिळत राहणार आहेत. चाहते त्याची दरवर्षी थट्टा करतात. खरे तर थट्टा तो करार मान्य करणाऱ्या व्यवस्थापनाची व्हायला हवी.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. शर्टावर ज्याचे नाव असते त्याच्या खिशात त्यातला मोठा वाटा जातो, असे अनेकांना वाटते. खेळाडूंच्या संघटनेकडे येणारे परवाना-शुल्क खेळाडूंमध्ये वाटले जाते ते हंगामातील किती दिवस ते मेजर लीगमध्ये होते यावरून, नावाच्या खपावरून नव्हे. त्यामुळे सोटोचा शर्ट घेऊन सोटो अधिक श्रीमंत होत नाही आणि न घेतल्याने त्याला धडाही शिकवता येत नाही.

मधल्या प्रतीचा शर्ट किमतीला न्याय देतो. 400 डॉलरची प्रत मी सुचवणार नाही. माप थोडे सैल येते, म्हणून नेहमीपेक्षा एक माप लहान घालून पाहावे. नावाच्या बाबतीत, फलंदाजी आवडत असेल तर सोटो घ्यावा आणि तो उद्या कोठे जाईल याची चिंता करू नये. ज्यांना ती चिंता सतावतेच त्यांनी सीव्हर यांचा जुन्या रचनेचा शर्ट मागावा, मात्र नाव छापलेला नको: 1969 च्या संघाच्या पाठीवर नुसता क्रमांक असे.