दोरी की डबा? अस्वलांच्या रानात रात्री शिधा कुठे ठेवायचा

गंगापूर धरणाच्या पाण्यात वल्ह्यावर हात बसलाय आणि आता कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कात, मेपल लाल होण्याच्या दिवसांत, कनू म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी घेऊन चार रात्री काढायच्या आहेत असं धरून चालतो. कनू तिथे भाड्याने मिळते, तंबूचं काय ते तुम्ही जाणताच. खरी अडचण शिध्याची.

निफाड-सिन्नरकडच्या उसातल्या बिबट्यामुळे अंगात भिनलेली सावधगिरी तिथे फारशी कामाची नाही. बिबट्याला आपल्या पिठल्यात रस नसतो. काळं अस्वल मात्र वासावर येतं आणि थंडीतल्या लांब झोपेआधी चरबी साठवायला या दिवसांत सारखं खात असतं. लसणाची चटणी, गोडा मसाला, टूथपेस्ट, बाम, त्याच्या लेखी सगळं खाणंच.

जुनी पद्धत म्हणजे शिधा झाडाला टांगणे. 20 मीटर दोरी, 8 मिलिमीटर जाडीची, आणि दोरी फांदीवरून फेकता यावी म्हणून टोकाला बांधायला दगड भरलेली छोटी पिशवी. शिधा जमिनीपासून 4 मीटर वर आणि खोडापासून 2 मीटर लांब लटकला पाहिजे. हलकं, स्वस्त, आणि शिधा कितीही असो, पिशवी फक्त मोठी घ्यायची. दोरीच्या बाजूने हे सगळं खरं आहे.

गोम आहे ती फांदीत. इथे मळ्यातल्या आंब्यावर सराव केला तर सगळं सोपं वाटतं, कारण आंब्याची फांदी जाड आणि आडवी. तिथल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या बारीक आणि खाली झुकलेल्या. 2 मीटर बाहेर दहा-बारा किलोचं ओझं टांगलं की फांदी वाकते आणि पिशवी अस्वलाच्या हाताशी येते. जाड फांदी सापडलीच तर दोरी सालीत रुतते, ओढताना वजन दुप्पट वाटतं. छोटी कप्पी लावली तर ओढणं सुसह्य होतं, पण दगडाची पिशवी बेचक्यात अडकली तर कप्पी काय करणार? ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसभर वल्हवून, जेवण उरकून, हेडटॉर्चच्या उजेडात भिजलेली दोरी वर फेकत फांदी शोधणं, तेही रोज नव्या मुक्कामी! माझा कौल फिरला तो या एका कटकटीने.

अस्वलरोधक डब्याला फांदी लागत नाही. बेअरव्हॉल्ट कंपनीचा मोठा डबा 11.5 लिटरचा, वजन सव्वा किलोच्या आत. झाकण फिरवलं, जमिनीवर ठेवला, काम झालं. उणिवा आहेत. कंपनी तो एका माणसाला सात दिवस पुरेल म्हणते. आपल्या खाण्याला मी पाचच धरेन. चिवडा आणि मुरमुरे नुसती जागा खातात, त्यापेक्षा शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट, डाळ-तांदळाचं कोरडं मिश्रण घ्या. दोघांना चार रात्रींसाठी दोन डबे लागतीलच, आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कनूसकट तेही पाठीवर येतात. गारठ्यात झाकणाचा खटका बोटांनी दबत नाही. एखादं जुनं प्लास्टिकचं कार्ड सारलं की सुटतो. डबा जलरोधक नाही, म्हणून आत सगळं झिपच्या पिशव्यांत भरा.

द्राक्षबागेत औषध कालवायला असतो तशा निळ्या ड्रमची 60 लिटरची धाकटी आवृत्ती तिथे कनूत सर्रास दिसते. पाण्यापासून उत्तम राखण करते, पण ती अस्वलरोधक नव्हे. रात्री टांगावीच लागते, म्हणजे पुन्हा फांदी आलीच.

सहा-सात जण असाल किंवा आठवडाभराचा बेत असेल तर दोरीचा विचार जरूर करा, डब्यांची रास परवडत नाही. दोघा-तिघांच्या छोट्या सहलीला मात्र माझ्या मते डबाच बरा. तो तंबूपासून आणि चुलीपासून निदान 30 मीटर लांब, सपाट जागी ठेवा. उतारावर किंवा काठाशी ठेवला तर अस्वलाच्या एका धक्क्याने पाण्यात जाईल. त्याला दोरी बांधू नका, अस्वलाला ओढायला मूठ मिळते. आणि झाकणावर चमकणारी पट्टी चिकटवा: रात्री गडगडलेला डबा सकाळी लाल-पिवळ्या पानांच्या थराखाली पटकन दिसत नाही.