ओटीजीची चकती १६० दाखवते, आत १९० असतात: दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या महिन्यात ओटीजीचा, म्हणजे घरच्या विजेच्या ओव्हनचा, खालचा तापणारा रॉड गेला. त्यावरून सर्व्हिसवाल्यांशी जे झालं, ते झाल्यावर ठरवलं की आता सगळं पहिल्यापासून लिहायचं. ३० लिटर, १६०० वॅट, दोन रॉड वर, दोन खाली, ही माहिती खोक्यावरच असते, त्यामुळे ती सोडून देते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते तुमच्याही ओव्हनमध्ये असू शकतं.

मुळात घेतला तो नानकटाईसाठी. आमच्याकडे कोल्हापुरात दिवाळीच्या आधी डबे आणि ट्रे घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायची पद्धत. नंबर लावायचा, पिशवीवर नाव लिहायचं, आणि रात्री अकराला भाजून घेऊन यायचं. सासूबाईंचा गुडघा धरल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. रात्री लेकीला घरी ठेवून दोन तास भट्टीसमोर उभं राहणं नको वाटायचं. म्हणून भिशीचे पैसे हातात आले तसे ७,२०० रुपये यात घातले. आमच्या घरात एवढी रक्कम एका वस्तूवर सहज जात नाही. ह्यांचा ओव्हरटाइम त्या वेळी बंद होता, लेकीच्या दहावीच्या क्लासची फी भरायची होती. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी या ओव्हनकडे हिशेबानेच बघत होते.

पहिल्या दिवाळीत पहिले दोन ट्रे खालून काळे झाले. वरून पांढरी, हलकी भेग पडलेली, दिसायला अगदी सुरेख नानकटाई, पण उलटी केली की कोळसा. पुस्तिकेत १६० लिहिलं होतं, मी १६० वरच ठेवलं होतं. आत दोन किलोंचं पीठ गेलं होतं आणि तूप घरचं होतं, गंगावेशीतनं आणलेल्या म्हशीच्या दुधाची साय महिनाभर साठवून कढवलेलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सुरी घेऊन एकेक नानकटाई खालून खरवडत बसल्या. त्या खरवडण्याचा आवाज मला अजून आठवतो.

कंपनीकडे तक्रार केली. चौथ्या दिवशी माणूस आला. त्याने ओव्हन सुरू केला, दार उघडून तळहात आत धरला आणि म्हणाला, "गरम होतंय की वहिनी. मशीन ओके आहे. अंदाज यायला वेळ लागतो." कागदावर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून माझी सही घेतली. मी वीस वर्षं भाकरी करते. तवा किती तापलाय ते पाण्याचा थेंब टाकून सांगते. त्या दिवशी मात्र मी सही केली, आणि पुढचे दोन महिने मलाच दोष देत राहिले. ट्रे वरच्या जाळीवर ठेवून बघितला, दोन ट्रे एकावर एक ठेवले, खाली पाण्याची वाटी ठेवली. गुळाचा केक तर चार वेळा केला आणि चारही वेळा कडा कडू. एका केकला तीन अंडी, वाटीभर तूप, पाव किलो गूळ. चारांचा हिशेब मी वहीत लिहून ठेवलाय.

गुळाचं सांगायलाच हवं. कोल्हापुरात राहून केकला साखर वापरणं मला पटत नाही. पण गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो. साखर म्हणजे जवळजवळ सगळं सुक्रोज. गुळात त्याच्याबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि ते कमी तापमानाला तांबूस होऊन पुढे जळतं. म्हणून गुळाचा केक १६० च्या वर न्यायचा नसतो. साखरेचा केक वीस-तीस अंशांची चूक थोडीफार झाकून नेतो, गुळाचा नेत नाही. ज्यांच्याकडे साखरेचा केक बरा होतो आणि गुळाचा बिघडतो, त्यांनी आधी ओव्हनच तपासावा.

तपासायची पहिली रीत स्वस्त आहे. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. एका छोट्या वाटीत चमचाभर साखर घ्यायची, ओव्हन १८० वर नीट तापू द्यायचा, मग वाटी पंधरा मिनिटं आत. साखर तशीच कोरडी राहायला हवी. मग १९० वर पुन्हा पंधरा मिनिटं, आता ती वितळायला लागली पाहिजे. माझ्या ओव्हनमध्ये चकती १६० वर असताना साखरेच्या कडा पिवळ्या होऊन वितळल्या. ती वाटी मी ह्यांच्या पुढ्यात ठेवली.

आमचे हे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कोअर शॉपला आहेत. कोअर म्हणजे ओतीव वस्तूच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. तिथे तेल लावलेल्या वाळूचे कोअर ओव्हनमध्ये दोनशे-सव्वादोनशे अंशांना भाजतात, आणि मग त्या कोअरभोवती चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड ओततात. कोअर कच्चा राहिला तर कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव वस्तूत, वायूची भोकं पडतात, करपला तर वाळू सुटते. तिथे तळहात धरून कोणी तापमान सांगत नाही. साहेबांना विचारून त्यांनी एका रविवारी थर्मोकपलचा, म्हणजे तारेच्या टोकाने तापमान मोजणारा, छोटा मीटर घरी आणला. तार दाराच्या फटीतून आत सोडून टोक मधल्या जाळीवर बांधलं, आणि तासभर दर दोन मिनिटांना लेकीने आकडे लिहिले.

एक आकडा बघून काही कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. रॉड लाल होतो, तापमान चढतं, थर्मोस्टॅट रॉड बंद करतो, तापमान उतरतं, पुन्हा रॉड चालू. चकती १६० वर असताना आत २०४ पर्यंत चढत होतं आणि १७६ पर्यंत उतरत होतं. सरासरी १९०. चकती १८० वर, सरासरी २१०. चकती २०० वर, २२९. म्हणजे सगळीकडे साधारण तीस अंश जास्त. हे म्हणाले, "चूक एकसारखी आहे, म्हणजे सेटिंगची आहे. थर्मोस्टॅट चांगलाय." मला त्या क्षणी रडू आलं. माझा हात चुकत नव्हता.

आणखी एक कळलं. रॉड चालू असताना लागणारा दिवा पहिल्यांदा विझतो तेव्हा ओव्हन तयार झालेला नसतो. हवा तापलेली असते, भिंती आणि जाळी अजून थंड असतात. दार उघडलं की सगळी ऊब निघून जाते. दिवा दुसऱ्यांदा विझेपर्यंत थांबायचं. या एका सवयीने माझे केक मधोमध खचायचे थांबले.

लक्ष्मीपुरीत इस्त्र्या-मिक्सर दुरुस्त करणारे एक दादा आहेत. ओव्हन रिक्षात घालून त्यांच्याकडे नेला. त्यांनी पाठ उघडली नाही, कंपनीचं सील तसंच ठेवलं. समोरची तापमानाची चकती ओढून काढली, आतल्या पोकळ दांड्यात एक बारीक स्क्रू दाखवला. थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची पट्टी असते, तापली की वाकते आणि संपर्क तोडते. ती किती वाकल्यावर तोडायचं ते हा स्क्रू ठरवतो. पाव आट्यापेक्षा कमी फिरवला. १५० रुपये घेतले. घरी येऊन पुन्हा तासभर मोजलं: चकती १६०, सरासरी १६४. (प्रत्येक ओव्हनला असा स्क्रू बाहेरून सापडेलच असं नाही. आणि प्लग काढल्याशिवाय कोणी हात लावू नये.)

इथपर्यंत मी लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता. पण खरं सांगायचं तर फेब्रुवारी ते मे या ओव्हनने मला फार सुख दिलं. गुळाचा केक सहा वेळा, एकदाही कडू नाही. मिसळीला लागतो तो ब्रेड घरी जमायला लागला. मामांना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी कमी गोडाची गव्हाची बिस्किटं होतात आणि त्यांच्या डब्यात आता बेकरीचं काही नसतं. विजेचं भय होतं, म्हणून घरातलं बाकी सगळं बंद करून मीटर बघितला: एक केक, तापायच्या वेळेसकट, एक युनिटच्या आत. सासूबाईंनी शेजारच्या काकूंना स्वतः बोलावून नानकटाई खायला दिली.

टायमर मात्र मला कधीच पटला नाही. नणंदेची तारीख ऑगस्टमधली आहे, पहिलं बाळंतपण आमच्याकडे. तिच्या बाळासाठी मी स्वेटर विणतेय, आणि ओव्हन चालू असताना मी तिथेच स्टुलावर सुया घेऊन बसते. पुढच्या भागाचे ६४ टाके आहेत आणि माझी एक ओळ दोन मिनिटांची, सुलट असो की उलट. चाळीस मिनिटांत वीस ओळी व्हायला हव्यात. घंटा वाजते तेव्हा सतरा झालेल्या असतात. एकदा वाटलं मीच हळू विणतेय, म्हणून घड्याळ लावून बघितलं. घंटा पाच-सहा मिनिटं आधी वाजते, आणि घंटेबरोबर रॉडही बंद होतात. या टायमरच्या आत स्प्रिंग असते. वीस मिनिटांपेक्षा कमी वेळ लावायचा तर आधी पुढे फिरवून मग मागे आणायचा, नाहीतर फरक आणखी वाढतो.

पावसाळ्यात याच स्प्रिंगचा दुसरा त्रास. वीज गेली की रॉड थंड होतात, पण स्प्रिंग चालूच राहते. जूनमध्ये केक आत असताना बारा मिनिटं वीज गेली. मी माडीवर कपडे काढायला गेले होते. परत आले तर वीज आलेली आणि टायमर पुढे गेलेला. केक कच्चा निघाला. तेव्हापासून वीज गेली की मी ओळीत तिथेच खुणेचा धागा घालते आणि वीज आल्यावर उरलेल्या ओळी मोजते.

आता रॉड. जूनच्या शेवटच्या आठवड्यात खालून काहीच भाजेना. ह्यांनी मल्टिमीटर लावला, खालच्या एका रॉडची तार आतून तुटलेली. वॉरंटी वर्षाची, दहावा महिना चालू. फोनवर उत्तर मिळालं, "तुम्ही बाहेर उघडलाय, वॉरंटी गेली." लक्ष्मीपुरीचं मीच पहिल्या फोनवर मोकळेपणाने सांगितलं होतं, तेच माझ्यावर उलटलं. मी म्हटलं, सील शाबूत आहे, फोटो पाठवते. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी फोन केला आणि ‘दोष आढळला नाही’ लिहिलेला तो जुना कागद आणि लेकीने लिहिलेली आकड्यांची वही, दोन्हींचे फोटो पाठवले.

माझा जीव एवढा का लागला होता तेही सांगते. २०१९ ला पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा हे पलीकडे अडकले होते, आणि इकडे गल्लीत दूध-ब्रेडची गाडी येईना. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. पंचगंगा नदी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या घरात लेकरांनाही पाठ आहे. ऑगस्टमध्ये घरात बाळंतीण असणार. रोज चहाबरोबर तिला टोस्ट लागतात. डब्यात महिनाभर टिकणारे गव्हाचे टोस्ट मला जुलैतच करून ठेवायचे होते. टोस्ट दोनदा भाजतात, आणि दुसऱ्यांदा मंद आणि एकसारखं भाजावं लागतं. खालचा रॉड नसेल तर आत ओल राहते आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

नवव्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ आले. सील बघितलं, वही बघितली, वहीची पानं पुन्हा उलटली. "ताई, हे कुणी मोजलं?" म्हणाले. लेक पुढे झाली. त्यांनी रॉड मोफत बदलला, भेटीचे पैसेही घेतले नाहीत, आणि टायमरची तक्रार स्वतःच्या हाताने लिहून घेतली. पहिल्या माणसाच्या जागी हे आले असते तर माझं चार केकांचं सामान वाचलं असतं.

काल रात्री पुन्हा साखरेची वाटी लावली. १८० वर पंधरा मिनिटं, दाणे कोरडे. १९० वर कडेने पाणी सुटलं. सासूबाई स्टूल घेऊन काचेतून बघत होत्या. आज सकाळी टोस्टचे दोन ट्रे झाले, तिसरा आत आहे. नवा टायमर आलेला नाही, म्हणून बाहीच्या ओळी मोजतेय. चौदा झाल्या, सहा राहिल्या.