गोडाऊनच्या आवारातल्या भेगा बुजवायला ३ लाख १८ हजार घालवले, सावध रहा

लिहू की नको यात सहा महिने गेले. घरात बायको सोडून कोणाला खरा आकडा माहीत नाही, सख्ख्या भावाला मी दीड लाख सांगितलंय. पण परवा कळलं की शेजारच्या तालुक्यात एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमधे डिट्टो असंच झालंय, तोच काळा टेम्पो, तीच भाषा, मग म्हटलं आता लाज गेली खड्ड्यात. खरा आकडा ३,१८,००० रुपये. भाडेकरूने भाड्यातून कापले ते २७,५०० वेगळे.

नाशिक जिल्ह्यात पुणे रस्त्याला लागून माझं एक गोडाऊन आहे, साबण बिस्किटांच्या डिस्ट्रिब्युशनवाल्यांना भाड्याने दिलेलं. पुढे कंटेनर वळायला ट्रीमिक्स (ओतल्यावर व्हॅक्यूमने जादा पाणी खेचून काढलेल्या) काँक्रीटचं आवार आणि गेटपासून रस्त्यापर्यंत डांबरी पट्टा. खाली सगळी काळी माती. काळ्या मातीवर ज्यांनी बांधलंय त्यांना सांगायला नको, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मुरूम कितीही टाका भेगा येतातच, आणि एकदा भेगेतून पाणी आत शिरायला लागलं की दोन पावसाळ्यात कडा तुटतात, स्लॅब हलायला लागतो. करारात आवाराची दुरुस्ती मालकाकडे आहे. एप्रिलमधे त्यांच्या मॅनेजरचा मेल आला की फोर्कलिफ्टला जॉइंटवर, म्हणजे दोन स्लॅबमधल्या फटीवर, धक्के बसतात, पावसाच्या आत करून द्या. म्हणजे काम गरजेचंच होतं, मी उगाच कोणाच्या नादी लागलो नाही हे आधी सांगतो.

माणूस आला कसा ते तुम्ही ओळखलंच असेल. "सर, बाजूच्या कंपनीत आमचं काम चालू होतं, थोडा माल उरलाय, मशीन आणि लेबर इथेच आहे, रेट चांगला लावतो." स्वच्छ शर्ट, हातात टेप, मोबाईलमधे मोठमोठ्या आवारांचे फोटो. बाजूच्या कंपनीत खरंच त्या आठवड्यात भेगांचं काम झालेलं होतं, मी येताजाता पाहिलं होतं. ते दुसऱ्याच पार्टीने केलं होतं हे मला नंतर कळलं. गेटवर जाऊन एक वाक्य विचारलं असतं तर तिथेच संपलं असतं. मी काय केलं, त्याने दिलेल्या रेफरन्सच्या नंबरवर फोन केला, आणि तो नंबर अर्थातच त्याच्याच माणसाचा. रेफरन्स त्याच्याकडून घेऊच नका. काम झालेल्या जागेवर स्वतः जा.

त्याचं कोटेशन असं, डांबरातल्या भेगा ६४० रनिंग मीटर, गरम रबराइज्ड सिलंट (भेग बुजवायचं रबर मिसळलेलं डांबर), ९५ रुपये मीटर, म्हणजे ६०,८००. काँक्रीटचे जॉइंट आणि तडे १,१८० मीटर, पॉलीसल्फाइड सिलंट (रबरासारखा ताणला जाणारा माल), २१० रुपये मीटर, म्हणजे २,४७,८००. एकूण ३,०८,६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५५,५४८ धरून ३,६४,१४८. मी अजून दोघांना रेट विचारला होता, एकाने साइट बघायलाच पंधरा दिवसांनी येतो म्हटलं, दुसऱ्याचा फोन लागेना. त्यात त्याच आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. एकोणीस वर्षं धंदा करतोय, लोकांची बिलं तपासत आलोय, पण त्या चार दिवसात माझं लक्ष नव्हतं हे खरं.

२ मे ला १,५०,००० एनईएफटी, मटेरियल ॲडव्हान्स म्हणून. ५ तारखेला काम सुरू झाल्यावर ९८,००० यूपीआयने. ७ ला काम "संपल्यावर" ७०,००० रोख. राहिलेले ४६,१४८ तो स्वतःच म्हणाला, "सर, पावसाळा झाल्यावर द्या, आमच्या कामाची गॅरंटी आहे." या एका वाक्याने मला जिंकलं. जो माणूस स्वतःचे पैसे मागे ठेवतो तो खोटा कसा असेल असं वाटलं. आता कळतं की तीन लाख हातात आल्यावर शेहेचाळीस हजार ही फक्त किंमत होती, माझं तोंड दोन महिने बंद ठेवण्याची.

आता जे मला रोज रात्री आठवतं ते.

आमचे वॉचमन, मामा म्हणतो आम्ही त्यांना, साठीच्या पुढचे, आयुष्यभर रस्त्याच्या कामावर मजुरी केलेला माणूस. ६ तारखेला संध्याकाळी मी दवाखान्यातून गोडाऊनवर आलो तर मामा गेटशी उभे. म्हणाले, "भाऊ, हे डांबर काही खरं वाटत नाही. काल भरलेलं अजून घट्ट होईना, माझी चप्पल चिकटून राहिली. आन जळक्या ऑइलचा वास येतोय." तो माणूस बाजूलाच उभा होता, हसून म्हणाला नवीन टेक्नॉलॉजी आहे मामा, उन्हात सेट होतं. आणि मी, मी मामांना म्हटलं, "तुम्ही गेटचं बघा, यातलं तुम्हाला काय कळतं." परक्या माणसासमोर म्हटलं. मामा काही बोलले नाहीत, खुर्चीवर जाऊन बसले. ३ लाखांपेक्षा ते मला जास्त लागलंय. नंतर माफी मागितली त्यांची, ते म्हणाले जाऊ द्या भाऊ, पण माझ्याकडून ते जात नाही.

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. डांबर डिझेलमधे, जळक्या ऑइलमधे विरघळतं. तसं पातळ केलं की थोडंसं डांबर भरपूर भेगांना पुरतं, दिसतं काळंभोर, पण ते कधी धरतच नाही. खरं रबराइज्ड सिलंट १८०-१९० डिग्रीच्या आसपास तापवतात, त्याला डबल जॅकेटची केटल (दुहेरी भिंतीचं भांडं, म्हणजे जाळ थेट मालाला लागत नाही) लागते, थर्मामीटर लागतो, खाली थेट जाळ घातला तर रबर जळतं. यांच्याकडे काय होतं? अर्धा कापलेला ड्रम आणि खाली लाकडं. कॉम्प्रेसर नाही. भेग हवेच्या प्रेशरने साफ करून पूर्ण कोरडी करावी लागते, धूळ किंवा ओल राहिली तर कुठलंही सिलंट कडेला चिकटत नाही. यांची पोरं खराट्याने झाडत होती, आणि मधल्या रात्री अवकाळीची सर येऊन गेली तरी सकाळी आठला भरायला सुरुवात. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पाहून गाडीत बसून गेलो.

गेटजवळच्या पट्ट्यात तर मगरीच्या पाठीसारखी जाळी झालेली होती. तशी जाळी म्हणजे खालचा बेस गेलेला असतो, ती भरून उपयोगच नसतो, तेवढा भाग उकरून पॅच करायचा असतो. प्रामाणिक माणूस पहिल्यांदा हेच सांगेल. याने त्या जाळीतली प्रत्येक रेघ मीटरमधे मोजली. जो ठेकेदार "इथे भरू नका" असं एकदाही म्हणत नाही त्याला काम देऊ नका.

आणि काँक्रीटचं तर गणित चौथीच्या पोराला जमलं असतं. १० मिमी रुंद आणि १० मिमी खोल जॉइंट, एका मीटरला १०० मिली माल लागतो. १,१८० मीटरला ११८ लिटर. टेम्पोतून माझ्यासमोर २० लिटरच्या तीन बादल्या उतरल्या. साठ लिटर! मी फोटो काढला होता त्या बादल्यांचा, भाडेकरूला पाठवायला, तो फोटो अजून मोबाईलमधे आहे आणि त्यात बादल्या मोजता येतात. शिवाय पॉलीसल्फाइड सहसा दोन भागात येतं, बेस आणि हार्डनर, साइटवर एकत्र करून मिक्सरने घोटावं लागतं. हार्डनरचा एकही डबा नव्हता. मी विचारलं होतं बरं का, गप्प बसलो नव्हतो, तर म्हणे रेडी मिक्स आहे सर. नंतर जॉइंट उकरून बघितला तर खाली थर्माकोलच्या पट्ट्या कोंबलेल्या आणि वर जेमतेम ३ मिमी काळा थर. जॉइंटमधे फोमचा गोल बॅकर रॉड घालतात, जॉइंटपेक्षा थोडा जाड, १० मिमीला १२-१३ मिमीचा, म्हणजे तो दाबून बसतो आणि सिलंट तळाला न चिकटता फक्त दोन बाजूंना धरतं आणि ताणलं जाऊ शकतं. फर्निचरच्या खोक्यातलं थर्माकोल म्हणजे बॅकर रॉड नव्हे.

मग मी टेप घेऊन बसलो, दोन रविवार. डांबर ६४० लावलेलं, निघालं ४१०. काँक्रीट १,१८० लावलेलं, निघालं ८६५. नुसत्या खोट्या मापाचे ८८,००० रुपये, जीएसटी धरून १,०३,८४०. माप दोघांनी मिळून घ्या, भेगेच्या कडेला खडूने आकडा लिहा, फोटो काढा, मग कोटेशनवर सही.

यंदा पाऊस मे मधेच कोसळायला लागला, आठवत असेल. दुसऱ्याच मोठ्या सरीला काँक्रीटचा काळा थर पापुद्र्यासारखा सुटून पाण्यावर तरंगत नाल्याशी गोळा झाला. डांबराचा चिकटा कंटेनरच्या टायरला, तिथून फोर्कलिफ्टच्या टायरला, तिथून गोडाऊनच्या आत. भाडेकरूच्या मालाच्या खोक्यांना डाग, त्याचे २७,५०० कापले. त्यांच्या मॅनेजरला मी काही बोलू शकलो नाही, त्यांचं बरोबरच आहे. या माणसाचा फोन १९ मे पासून बंद.

तेव्हा कुठे बिल नीट बघितलं. जीएसटी नंबर २४ ने सुरू होतो. २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा २७. आणि हा मला ऑफिस नाशिकला आहे सांगत होता. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव, पत्ता, स्टेटस दिसतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. नाव भलत्याच धंद्याचं आणि स्टेटस कॅन्सल्ड. दोन मिनिटांचं काम. पैसे देण्याआधी हे करा, मी हात जोडून सांगतो.

आता पुढचं ऐका, म्हणजे फसवणारा बरा वाटेल.

पोलिसांकडे गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला दीड तास बसवलं आणि म्हणाले, "काम तर झालंय ना? खराब झालं म्हणजे फसवणूक नाही, सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." मी म्हटलं साहेब, खोटा जीएसटी नंबर, खोटं माप, बादलीत दुसराच माल, फसवणुकीचं पूर्वीचं कलम ४२०, आताच्या न्याय संहितेचं ३१८ लागतं. तर म्हणे वकील आहात का. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, त्यावर आवकचा शिक्का मारायलाही मला भांडावं लागलं. शिक्का घेतल्याशिवाय उठू नका, तोंडी "बघतो" ला काही अर्थ नाही. त्यांनी सांगितलं खातेदाराचं नाव पत्ता बँकेतून आणा. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले दुसऱ्याच्या खात्याची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे परत गेलो तर पत्र कशाचं, गुन्हाच दाखल नाही. असं तीनदा झालं. तीनदा. माझ्याच खात्यातून गेलेले पैसे कोणाच्या खात्यात गेले हे मला कळू शकत नाही, आणि ज्यांना कळू शकतं त्यांना एक पत्र टाइप करायचं नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, ते म्हणाले हा ऑनलाइन फ्रॉड नाही, तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत. ग्राहक आयोगासाठी वकिलांना भेटलो, १,५०० रुपये फी घेऊन त्यांनी सांगितलं की भाड्याचं गोडाऊन म्हणजे व्यावसायिक हेतू, २०१९ च्या कायद्यात असा माणूस ग्राहकच धरत नाहीत, स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यापुरती सूट आहे पण समोरचा त्यावरच वर्षभर वाद घालेल. जीएसटी ऑफिसमधे गेलो तर नंबर गुजरातचा, तिकडे लिहा. तिकडे ईमेल केला १२ जूनला, आज नोव्हेंबर आहे. एका साहेबांनी मोठ्या मनाने एमएसएमई समाधान हे छोट्या उद्योगांसाठीचं सरकारी पोर्टल सुचवलं, घरी येऊन वाचलं तर ते ज्याने माल किंवा सेवा दिली आणि पैसे अडकले त्याच्यासाठी आहे. म्हणजे तिथे तक्रार करता आलीच तर तो माझ्याविरुद्ध करू शकेल, उरलेल्या ४६,१४८ साठी! टॅक्स भरतो, भाड्यावर जीएसटी भरतो, एक दिवस उशीर झाला तर लेट फी लागते, ती बरोबर मोजता येते यांना. माझी तक्रार कुठल्या टेबलावर घ्यायची एवढं मात्र कोणाला ठरवता येत नाही.

ज्यांना हे काम खरंच करून घ्यायचंय त्यांनी सिलंटची सीलबंद बादली स्वतः दुकानातून घ्या, बॅच नंबर आणि एक्स्पायरी बघून, आणि ठेकेदाराला फक्त मजुरी द्या. पहिल्या दिवशी दहाच मीटर करून घ्या, सेट व्हायला कंपनीने जेवढा वेळ लिहिलाय तेवढा थांबा, मग स्क्रू ड्रायव्हरने उचकटून बघा. रोख देऊ नका. माझे ७०,००० कुठल्याच कागदावर नाहीत, ते मी दिले हे फक्त मला आणि मामांना माहीत आहे.

दसऱ्यानंतर एका नव्या नंबरवरून मेसेज आला. "सर पावसाळा संपला, बॅलन्स ४६,१४८ क्लिअर करा." हात थरथरत होते वाचताना. तो मेसेज, नंबर, सगळं घेऊन ठाण्यात गेलो, म्हटलं आता तरी लोकेशन काढा. म्हणाले, "बोलवा त्याला पैसे घ्यायला, आला की फोन करा." मी बोलावलं. दोन दिवस गोडाऊनवर बसून राहिलो, मामाही बसले. तो आला नाही, तो नंबरही आता बंद आहे.

मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचं आता ठरवलंय, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली, म्हणजे पोलिसांना तपासाचा आदेश द्या म्हणून, वकिलांनी कागद मागितलेत. नाशिक, नगर, सिन्नर, संगमनेर पट्ट्यात कोणाकडे काळा टेम्पो, कापलेला ड्रम आणि "बाजूला काम चालू होतं" म्हणणारा माणूस येऊन गेला असेल तर कळवा, आकडा कमी असला तरी. लाज वाटत असेल तर नाव कोणाला सांगणार नाही. बिलाचा, पेमेंटचा आणि झालंच तर बादल्यांचा फोटो जपून ठेवा, दोघा तिघांचे अर्ज एकत्र लागले तर सिव्हिल मॅटर म्हणून बाहेर काढणं त्यांना जड जाईल.