गाडीतला ‘खट-खट’ आवाज आणि ३३ हजारांची फसवणूक

सांगलीला आई-आप्पांकडे सात वर्षांची पेट्रोल गाडी आहे. आईचे दवाखाने, बाजारहाट आणि अधूनमधून नरसोबाची वाडी, एवढाच तिचा वापर. गेल्या पावसाळ्यानंतर पुढच्या डाव्या बाजूने खट-खट आवाज यायला लागला. तो आवाज घालवण्याच्या नावाखाली एका गॅरेजवाल्याने आप्पांकडून ३३ हजार रुपये घेतले. आवाज जसाच्या तसा राहिला. खरा दोष नंतर दोन हजारांच्या आत मिटला. हे सगळं तपशिलात लिहितेय, कारण ही पद्धत ठरलेली आहे, आणि ती वापरताना समोर बहुतेक वेळा एकटं आलेलं वयस्कर माणूस असतं.

आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. नोंदी ठेवणं त्यांच्या हाडात मुरलंय. गॅरेजला जाण्याआधी त्यांनी आवाजाबद्दल एका चिठ्ठीवर लिहून काढलं होतं: गुळगुळीत रस्त्यावर आवाज नाही. ब्रेक दाबल्याने फरक पडत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी फिरवली तरी आवाज नाही. खराब रस्त्यावर, हळू चालवताना येतो. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर कमी, एकच चाक खड्ड्यात गेलं तर जास्त.

शेवटच्या ओळीत जवळजवळ सगळं निदान होतं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. दोन्ही चाकं एकत्र वरखाली झाली तर त्याला फारसं काम नसतं. एक चाक वर आणि एक खाली झालं की तो पिळला जातो आणि त्याच्या टोकाच्या लिंक रॉडवर ताण येतो. लिंक रॉडचा गोळा झिजला असेल तर नेमका तेव्हाच खट्‌ आवाज होतो. हे मला आत्ता माहीत झालंय. पण ज्याचं हेच पोट भरायचं साधन आहे त्याला ती चिठ्ठी वाचून दोन मिनिटांत कळायला हवं होतं. त्याने चिठ्ठी हातातही घेतली नाही.

गाडीची ट्रायलही घेतली नाही, आणि मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो. आवाजाची तक्रार घेऊन माणूस आलाय आणि आवाज ऐकायची कुणाला गरजच वाटली नाही. “काका, आवाजाचं नंतर बघू, आधी खालून गाडी बघतो,” म्हणून त्याने डावी बाजू जॅकवर उचलली. चाकाला दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवलं. “बघा, किती प्ले आहे. रॅक गेलाय.” (प्ले म्हणजे ढिलेपणा, रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग.) मग टायरमागे पहार घातली आणि लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, बुश रेटून दाखवलं. “हे बघा, बुश फाटलंय.” शॉकअपवर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळकांड्यावर, बोट फिरवून ओलं बोट आप्पांसमोर धरलं. “हा लीक आहे.”

आता यातलं एकेक घ्या. जॅकवरचं चाक आडवं हलवलं की स्टिअरिंग फिरतं, त्यामुळे ते हलणारच. तिथे खरंच ढिलेपणा आहे का हे बघायला दुसऱ्याने स्टिअरिंग घट्ट धरून ठेवावं लागतं. बुश रबराचं असतं, ते दबावं म्हणूनच रबराचं केलेलं असतं. पहारीने रेटलं तर नवं कोरं बुशही हलताना दिसतं. फाटलं असेल तर रबराला पडलेली भेग डोळ्यांना दिसते, ती दाखवा म्हणावं. आणि शॉकअपवरची ओल म्हणाल तर, गंज काढायच्या स्प्रेचा डबा शेजारीच पडला होता, हे आप्पांना घरी आल्यावर आठवलं. त्याने तो मारलाच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण खरी गळती असेल तर त्या तेलावर रस्त्याची धूळ बसून काळा चिकट थर तयार होतो. स्वच्छ, पातळ ओल ही जुन्या गळतीची खूण नाही.

हे दाखवून झाल्यावर तो म्हणाला, “काकूंना घेऊन जाता ना गाडीतनं? हायवेला स्टिअरिंग लॉक झालं तर काय कराल?” पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं राहिलं. आईचं नाव निघाल्यावर आप्पा पैशाचा विचार करणार नाहीत, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. चाकं उतरवली, अर्धी पुढची बाजू मोकळी केली, आणि मग वीस हजार ॲडव्हान्स मागितला. उघडून ठेवलेली गाडी घेऊन माणूस दुसरीकडे जाऊ शकत नाही. म्हणून आकडा नेहमी गाडी उघडल्यावर सांगितला जातो.

बिल म्हणून एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं. स्टिअरिंग रॅक १२,५००. दोन शॉकअप ६,४००. दोन लोअर आर्म ४,२००. मजुरी ४,०००. अलाइनमेंट ९००. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,०४०. एकूण ३३,०४०, त्यातले चाळीस रुपये ‘काकांसाठी’ सोडले. कागदावर गॅरेजचा शिक्का नाही, जीएसटी क्रमांक नाही, एकाही पार्टचं मेक किंवा नंबर नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला सकाळीच घेऊन गेला.

घरी येताना कोपऱ्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात खट-खट. फोन केला तर उत्तर तयार: “नवीन पार्ट आहेत काका, बसायला वेळ लागतो. हजारभर किलोमीटर चालू द्या.” नंतर परत नेली तेव्हा, “आता इंजिन माउंटिंग बघावं लागेल.” म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते आधार. त्याचा खर्च वेगळा. तेव्हा आप्पांनी मला पुण्याला फोन केला.

मी सुट्टी टाकून गेले आणि गाडी मिरजेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. आप्पांच्या ऑफिसची जीप पूर्वी त्यांच्याकडे असायची. त्यांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाले, “चला, ऐकू द्या मला.” मला शेजारी बसवलं, काचा खाली केल्या, रेडिओ आणि पंखा बंद केला. डिकीतला जॅक आणि पाने आधीच बाहेर काढून ठेवले होते. निम्म्या आवाजांचं मूळ तिथेच असतं म्हणाले. मग एका कडेला खड्डे असलेल्या रस्त्याने, पहिल्या गिअरमध्ये. खट. खट. “हाच ना?” हाच.

परत आल्यावर गाडी सपाट जमिनीवर उभी केली, जॅक लावला नाही. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून डाव्या चाकामागे जागा केली. पोऱ्याला सांगितलं, टपाला धरून गाडी आडवी डोलव. “ताई, इथं बोट ठेवा.” लिंक रॉडच्या खालच्या गोळ्यावर माझं बोट ठेवलं. गाडी डोलली की बोटाखाली स्पष्ट टक्‌ लागायचं. एकाच बाजूला जॅक लावला की तो दांडा ताणलेला राहतो आणि हा ढिलेपणा लपतो, हेही त्यांनीच सांगितलं. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड बदलले: ७०० रुपयांना एक, मजुरी ४००. एकूण १,८००. त्याच रस्त्याने पुन्हा चक्कर मारली. आवाज नाही.

मग मी त्यांना बाकीचं काम तपासायला सांगितलं. गाडी रॅम्पवर घेतली. रॅक बसवण्याचे बोल्ट आणि टायरॉडचे (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचे) लॉकनट जुन्या गंजाने आणि वाळलेल्या चिखलाने जाम होते. पाना लागल्याची एक खूण नाही. रॅक कुणी उतरवलाच नव्हता. शॉकअप काळेभोर चकचकीत दिसत होते. मिस्त्रींनी नख मारलं, तर रंगाचा पापुद्रा निघून खाली गंज. स्प्रे मारताना शेजारच्या ब्रेकच्या नळीवर आणि स्प्रिंगवरही काळे शिंतोडे उडाले होते. कंपनीतून आलेल्या शॉकअपचा रंग शेजारच्या नळीवर कसा उडेल? डावा लोअर आर्म तेवढा खरंच नवा होता, तोही बिननावाचा. उजवा जुनाच. म्हणजे तेवीस हजारांच्या आसपास लिहिलेल्या पार्टपैकी एकच बदललेला. जे बिघडलं होतं, त्याला हातही लावलेला नव्हता.

मी प्रत्येक जागेचे फोटो घेतले, नख मारतानाचा व्हिडिओ घेतला, मिस्त्रींकडून त्यांच्या छापील बिलावर काय आढळलं ते लिहून घेतलं. त्यांनी विनातक्रार सही दिली. धंद्यातल्या माणसाविरुद्ध धंद्यातला माणूस सहसा सही करत नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गॅरेजवाल्याला एकच विचारलं: रॅक तुम्ही कुठून घेतला, ते खरेदीचं बिल दाखवा. आधी आवाज चढवला, मग ‘पोराने चूक केली’, मग आठ हजार परत घेऊन मिटवा म्हणाला. आम्ही घेतले नाहीत.

गाडीत आवाज आला तर आधी आप्पांसारखी चिठ्ठी करा: कधी येतो, कधी येत नाही. मिस्त्रींनी आणखी काही खुणा सांगितल्या. वेगाबरोबर वाढत जाणारा घुंऽऽ आवाज सहसा चाकाच्या बेअरिंगचा; मोठ्या वळणावर बाहेरच्या बाजूच्या चाकावर वजन येतं, तेव्हा त्या बाजूचा आवाज वाढतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की कट-कट-कट, तर एक्सलचा जॉइंट. सकाळी चालू करताना चिर्रर्र करून थांबला तर बहुधा पट्टा. चालताना चीं आणि ब्रेक दाबला की बदलतो, तर ब्रेकपॅड बघून घ्या, त्यात उशीर नको. सायलेन्सरजवळची पत्र्याची ढाल सैल झाली तर ठरावीक रेसवर झणझण येते, आणि ती क्लिपने आवळता येते. यावरून घरी निदान करा असं मी म्हणत नाही. पण हे सांगितल्यावर समोरचा ऐकतो की नाही, यावरून माणूस कळतो. डॉक्टर नाडी न बघता ऑपरेशन सांगायला लागला तर आपण उठतोच ना?

मिस्त्रीने तुम्हाला शेजारी बसवून आवाज काढून दाखवल्याशिवाय गाडी उघडू देऊ नका. खर्च लेखी घ्या, उघडण्याआधी. जुने पार्ट हवेत हे सुरुवातीलाच सांगा, त्यांच्यावर मार्करने खूण करून फोटो काढा. नव्या पार्टचा खोका मागा, त्यावर पार्ट नंबर आणि छापील किंमत असते. छोट्या मिस्त्रीकडे जीएसटी नोंदणी नसू शकते, त्यात गैर काही नाही. पण जीएसटी लावला असेल तर बिलावर पंधरा अक्षरी क्रमांक हवाच. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. आमच्याकडून ५,०४० रुपये कर म्हणून घेतले, आणि क्रमांक नाही. ही वेगळी फसवणूक आहे आणि तक्रारीत आम्ही ती वेगळी मांडली आहे.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग नोटीस पाठवली, आणि आता सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील करायची सक्ती नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार रीतसर बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. निकाल अजून यायचा आहे. तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षं असते, तेव्हा तुमच्या घरात कोऱ्या कागदावरचं असं एखादं बिल असेल तर ते फेकू नका, आणि गाडी एकदा दुसऱ्या मिस्त्रीकडे रॅम्पवर चढवून बोल्ट बघून घ्या.